शिजलं किती, खाल्लं किती

चि. सायली,


तुझं पत्र मिळालं. धारूर तालुक्यातली दोनशिक्षकी शाळा, बेचाळीसचा पट, आणि रुजू होऊन महिना होतोय तोच मुख्याध्यापकांनी पोषण आहाराचं काम तुझ्या गळ्यात घातलं. ‘आत्या, मी शिकवायला आले की तांदूळ मोजायला?’ हा तुझा प्रश्न रास्त आहे. हे काम शिक्षकांकडून काढून घ्यावं, असं माझंही मत आहे. पण ते निघेल तेव्हा निघेल. तोवर रोज दुपारी पातेल्याजवळ तुलाच उभं राहायचंय. उभं राहायचंच आहे, तर डोळे उघडे ठेवून राहा आणि दिसेल ते लिहून ठेव. हे सांगायलाच पत्र लिहायला बसले.

आधी सरकारी नोंदवही नीट समजून घे. पट, हजर, लाभार्थी, आजचा पदार्थ, तांदूळ, डाळ किंवा कडधान्य, तेल, मीठ-मसाला, आरंभीची शिल्लक, अखेरची शिल्लक. पहिली ते पाचवीच्या मुलामागे तांदूळ १०० ग्रॅम, सहावी ते आठवीच्या मुलामागे १५०. म्हणजे तुझ्याकडे चाळीस पोरं हजर असली की ४ किलो तांदूळ खर्ची पडला. यात कुणी काही पाहिलेलं नाही, हा नुसता गुणाकार आहे. पहिलीतलं पोर अर्ध्यावर ताट सरकवतं आणि चौथीतला दांडगा तिसऱ्यांदा वाढून घेतो; नोंदवहीत दोघंही शंभर-शंभर ग्रॅमचे लाभार्थी. कोठीतून काय निघालं ते ती वही सांगते. पोटात काय गेलं ते सांगणारी वही तुझी तुलाच ठेवावी लागेल. साधी शंभर पानी पुरे.

मी शिक्षिका म्हणून दोन्ही काळ पाहिलेत, तांदूळ घरी द्यायचा आणि शाळेत शिजवायचा. १५ ऑगस्ट १९९५ला केंद्राची योजना सुरू झाली तेव्हा ऐंशी टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला ३ किलो तांदूळ घरी न्यायला मिळायचा. बाप पिशवी घेऊन यायचा, सही नाहीतर अंगठा उठवायचा, की आमचं काम संपलं. ज्वारी-बाजरीच्या भाकरीवर जगणाऱ्या घरात त्या तांदळाचं पुढं काय झालं, हे कुणी विचारलं नाही. मग २८ नोव्हेंबर २००१ला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला : शिजवलेलं अन्न द्या, किमान ३०० कॅलरी आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं, वर्षाला किमान २०० दिवस. त्यानंतर पातेलं शाळेत आलं आणि पोर काय खातं ते पहिल्यांदा आमच्या नजरेसमोर आलं. आता प्राथमिकचा आकडा ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनांवर गेलाय. आकडा चांगलाच आहे, पण त्यातली बरीच प्रथिनं ताटाच्या कडेला सारलेल्या मटकीत राहून जातात.

मटकीचंच घे. फळ्यावरच्या आठवड्याच्या पाककृतीत उद्या मटकी आहे, हे स्वयंपाकवाल्या मावशींना आदल्या दुपारी कुणी सांगितलं नाही, तर ती रात्री भिजत पडत नाही. सकाळी गरम पाण्यात घालून वेळ मारून नेतात. मग बाहेरून शिजल्यासारखा दिसणारा दाणा आत टणक राहतो. पोरं तक्रार करत नाहीत. बोटानं एकेक दाणा बाजूला करतात, भात तेवढा खातात आणि नळाकडे पळतात. नोंदवहीत त्या दिवशी ‘मटकी उसळ-भात, लाभार्थी ३९’ असं अगदी बिनचूक लिहिलेलं असतं. तुझ्या वहीत मात्र असं यायला हवं : ‘मटकी कच्ची. निम्म्या ताटांत तशीच राहिली. आदल्या दिवशी सांगायचं राहून गेलं.’ अशा नोंदी दोन-तीनदा झाल्या की काय करायचं ते तुझं तुलाच समजेल. सोमवारी दुपारी सुट्टीच्या आधी मंगळवारचं कडधान्य मावशींच्या हाती मोजून द्यायचं, एवढाच तो उपाय आहे, आणि त्याला परिपत्रक लागत नाही.

लिहायचं ते त्याच दिवशी, शेवटचं पोर ताट धुवायला गेलं की लगेच, पातेल्यात डोकावून. रात्री आठवून लिहू म्हणशील तर जे व्हायला हवं होतं तेच लिहून बसशील. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहार पाहण्यांतही मागच्या चोवीस तासांत काय खाल्लं तेच विचारायची पद्धत आहे, आणि तेसुद्धा मापाच्या वाट्या समोर मांडून. त्यामागं गेलं की माणूस खाल्लेलं सांगत नाही, नेहमी खातो असं त्याला वाटतं ते सांगतो.

दोन-तीन ओळी पुरेत. काय शिजलं आणि ते कसं उतरलं, किती उरलं, कुणी पुन्हा मागितलं, कोण जेवलं नाही आणि का. ‘छान’, ‘रुचकर’, ‘उत्तम’ हे शब्द तपासणीच्या शेऱ्यांसाठी राहू देत. तू ‘मीठ कमी’, ‘तळाला लागली’, ‘शेवग्याचा पाला एका आजोबांनी आणून दिला, पोरांनी खाल्ला’ असं लिही.

चवीच्या नोंदवहीबद्दल वेगळं सांगते. १६ जुलै २०१३ला बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत दुपारचं जेवून २३ मुलं गेली. अन्नात कीटकनाशक उतरलं होतं. मुलांना वाढण्याआधी निदान एका शिक्षकासह दोघातिघा मोठ्यांनी चव घ्यायची आणि तशी नोंद ठेवायची, हा नियम त्यानंतर कडक झाला. म्हणून ती सही घास तोंडात गेल्यावरच कर. आठवड्याच्या सह्या शनिवारी एका बैठकीत उरकणारे तुला भेटतील. त्यांचं ऐकू नकोस.

सरकारी वहीतही जे आहे तेच लिही. हजर छत्तीस तर छत्तीस. पोतं उतरवून घेताना काट्यावर घाल आणि कमी भरलं तर पावतीवर खरं वजन लिहूनच सही कर. एकदा दोन किलो पोटात घातलेस की पुढं वर्षभर त्या दोन किलोंसाठी खोटी पोरं जेवू घालावी लागतात. आकडा चुकला तर एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा आणि सही. खाडाखोड नको, पांढरी शाई तर नकोच.

आता वही वाचण्याविषयी. रोजची ओळ एकटी पाहिलीस तर तीत काही नसतं. महिन्याच्या शेवटी सगळी पानं एका दमात वाच. सोमवारी पातेलं लवकर रिकामं होतंय का बघ. माझ्याकडं व्हायचं, कारण रविवारी शाळेचं जेवण नसतं. बाजाराच्या दिवशी कोण गायब असतं तेही बघ. आणि तुझ्या भागात दिवाळीनंतर काय होतं ते तर पानापानावर दिसेल. ऊसतोडीसाठी उचल घेतलेली घरं कोयत्यावर निघतात, ट्रकमधून निम्मी शाळा पश्चिम महाराष्ट्राच्या नाहीतर कर्नाटकच्या साखर कारखान्यांकडे जाते आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाही. मागं राहिलेली पोरं आजी-आजोबांकडे असतात. सकाळी चहावर आलेली ही पोरं दुपारी पुन्हापुन्हा मागतात, आणि त्यांना शंभर ग्रॅम पुरत नाहीत.

आमच्याकडं तिसरीतल्या एका मुलीपुढं माझ्या वहीत लागोपाठ ‘अर्धं डब्यात’ असं यायला लागलं. विचारलं तर बोलेना. शाळा सुटल्यावर तिच्यासोबत घरी गेले. पाचवीतली थोरली बहीण दीड वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन उंबऱ्यात उभी, आजीला धड दिसत नव्हतं, आईबाप तोडीला गेलेले. थोरलीच्या नावापुढं हजेरीपटावर नुसती गैरहजेरी लागत होती. ती का, हे त्या डब्यामुळं कळलं. ‘भावाला घेऊनच येत जा’ म्हटलं. तो वर्गात रडायचा, बाकीच्यांच्या पाट्या ओढायचा, पण थोरलीचं वर्ष वाचलं. तोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहाचा विषय निघाला तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीपुढं मी त्या महिन्यांतली पानंच वाचून दाखवली. ‘मुलं उपाशी राहतात’ असं मोघम बोललं की सगळे माना डोलावतात. अमक्या तारखांना अमक्या वस्तीवरची पोरं तिसऱ्यांदा मागत होती, असं वाचलं की प्रश्न विचारायला लागतात.

पंगतीकडंही लक्ष ठेव. कोण कुणाशेजारी बसत नाही, कुणाच्या हातचं कोण खात नाही, घरून डबा आणायचं निमित्त कोण काढतं. स्वयंपाकाला माणूस नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना प्राधान्य द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं २० एप्रिल २००४ला सांगितलं, ते उगीच नाही. असं काही दिसलं तर तारखेसह लिही आणि दुसऱ्या दिवशी तू स्वतः त्या ओळीत ताट घेऊन बस. भाषण देऊ नकोस.

एक पथ्य मात्र पाळ. ही वही मावशींविरुद्धची फिर्याद होता कामा नये. तुटपुंज्या मानधनावर धुरात उभ्या राहून त्या रोज तुझ्या शाळेला जेवू घालतात. आठवड्यातून एकदा त्यांना वाचून दाखव, त्यांचं म्हणणंही लिही. तेल संपत आलंय, लाकडं ओली आहेत, चाळणीला भोक पडलंय, हे तुझ्याआधी त्यांना माहीत असतं. आणि ज्या पोराची लाज निघेल असं काही लिहिलं असशील, ते पान चारचौघांत उघडू नकोस.

बदली होईल तेव्हा नव्या शिक्षकाला कोठीच्या किल्लीबरोबर ही वहीही दे. शिल्लक तांदळाचा हिशेब त्याला नोंदवहीत मिळेल. कोणत्या वस्तीवरच्या पोरांना दिवाळीनंतर जास्त वाढायचं, ते तुझ्या वहीतच सापडेल.

आधी एक महिना लिहून बघ. मग सुट्टीत अंबाजोगाईला येशील तेव्हा घेऊन ये, दोघी मिळून वाचू. त्यात तुला आधी ठाऊक नसलेलं काहीच निघालं नाही, तर खुशाल बंद कर. मी पुन्हा विषय काढणार नाही.

तुझ्या आईबाबांना नमस्कार सांग. पाणी उकळून पीत जा.

तुझी,
आत्या