कुलूप कुठं लावायचं, कुठं नाही

जुन्नर-आंबेगावातल्या पतसंस्था, दूध संकलन केंद्रं आणि शाळांच्या कार्यालयांतले संगणक सांभाळायचं काम मी करतो. ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव, कधी पार आहुप्यापर्यंत. बहुतेक ठिकाणी संगणक एक आणि त्यावर बसणारे तिघं-चौघं. तक्रारही ठरलेली : "सकाळी सगळं बरोबर होतं, आता कुणी काय केलंय कळेना." या कामातून ज्या गोष्टी पक्क्या झाल्या, त्या मांडतो.

१. आधी प्रत्येकाचं खातं वेगळं करा. शाळेच्या कार्यालयात एक भाऊसाहेब इनस्क्रिप्टवर टाइप करतात, तर शेजारच्या मॅडमची बोटं रेमिंग्टनवर बसलेली. दोघं एकाच खात्यावर बसले की रोज कीबोर्ड बदलायचा आणि रोज कुरबुर. खाती वेगळी केली की विंडोज ज्याचा त्याचा कीबोर्ड जपून ठेवतं. निम्मी भांडणं इथंच मिटतात.

२. रोजच्या वापराचं खातं साधं ठेवा, ॲडमिनचं नको. साध्या खात्यावरून संगणकाची तारीख-वेळ बदलता येत नाही. पण तारीख कशी दिसावी, म्हणजे आधी दिवस की आधी महिना, हे मात्र बदलता येतं. खरा घोटाळा तिथून सुरू होतो.

३. वॉलपेपरच्या आधी तारखेच्या मांडणीला कुलूप लावा. एका संकलन केंद्रावर कुणीतरी 'रीजन'मध्ये अमेरिका निवडून ठेवलं होतं. जुलैच्या दुधाची फाइल एक्सेलमध्ये उघडली, तर १ जुलैचं दूध ७ जानेवारीला, २ जुलैचं ७ फेब्रुवारीला. जागेवर राहिला तो फक्त ७ जुलै. १३ तारखेपासून पुढच्या तारखा चौकटीत डावीकडे सरकलेल्या, कारण तेरावा महिना नसल्यानं एक्सेलनं त्या तारखा मानल्याच नाहीत, नुसता मजकूर म्हणून ठेवल्या. दहा दिवसांच्या बिलावर ज्याचा किराणा आणि पेंडीची उधारी चालते, त्या शेतकऱ्याला हे कसं सांगणार? डावीकडे सरकलेली तारीख दिसली की हिशेब तिथंच थांबवावा आणि आधी 'रीजन' बघावं. वापरणाऱ्यांनी काय बदलावं आणि काय नाही हे ठरवायची विंडोजमधली सोय म्हणजे ग्रुप पॉलिसी. तिच्यात 'लोकेल सर्व्हिसेस'खाली हे बदल अडवता येतात. पॉलिसी लावायची असेल तर पहिली हीच लावा. मोराच्या चित्राजागी कुणी शिवनेरी लावला म्हणून कुणाचं बिल अडत नाही.

४. माणसावर आळ घेण्याआधी यंत्र बघा. पासबुकाचा प्रिंटर आणि कागदाचा प्रिंटर एकाच संगणकाला जोडलेले असतात. पासबुक छापायला जावं तर मजकूर भलत्याच प्रिंटरवर. शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांकडे संशयानं पाहिलं जातं. प्रत्यक्षात २०१५च्या नोव्हेंबरातल्या अपडेटपासून विंडोज १० शेवटी वापरलेला प्रिंटर आपणहून मुख्य करतं. 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' ही खूण काढायची, मुख्य प्रिंटर एकदा निवडायचा, विषय संपला. तारीख आपोआप मागं जात असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल बदला. वीज गेल्यावर घड्याळ चालू ठेवणारा तोच.

५. खरेदीआधी विंडोजची आवृत्ती विचारा. ग्रुप पॉलिसीची खिडकी 'प्रो'मध्ये मिळते, 'होम'मध्ये नाही. 'होम'वर रजिस्ट्रीत हात घालून काही गोष्टी जमतात, पण पुढच्या माणसाला तुम्ही काय केलंय ते सापडत नाही. 'प्रो'मध्ये ॲडमिन नसलेल्या सगळ्यांसाठी वेगळी पॉलिसी लावता येते. ती सोडून सरसकट लावली तर कुलूप स्वतःलाही लागतं.

६. संगणक पुन्हा सुरू केला की सगळं पूर्ववत करणारी सॉफ्टवेअर शाळेच्या लॅबला उत्तम. मायक्रोसॉफ्टचं स्टेडीस्टेट एक्सपी-व्हिस्टावर फुकट मिळायचं, ते २०१०च्या अखेरीस बंद झालं. आता डीप फ्रीझसारखी विकत घ्यावी लागतात. कार्यालयात मात्र फाइल ठेवायची जागा त्यातून वगळलेली नसेल, तर दिवसभराची नोंद वीज जाताच पुसली जाईल.

७. ॲडमिनचा पासवर्ड गावातच राहिला पाहिजे. माझ्या एकट्याच्या डोक्यात नको. पावसाळ्यात तळेघरच्या वरच्या अंगाला पोचायला अर्धा दिवस जातो, तोवर काउंटर बंद ठेवायचा का? बंद पाकीट, त्यावर सचिवांची सही आणि तारीख, पाकीट तिजोरीत. फोडलं की पासवर्ड बदलून नवं पाकीट ठेवायचं. सचिव बदलले तरीही तेच.

८. कुलूप लावण्याआधी रोज बसणाऱ्यांना विचारा. एका पतसंस्थेत मी सेटिंग्ज पूर्ण बंद करायला निघालो, तेव्हा ज्येष्ठ रोखपाल म्हणाले, "भाऊ, चित्र तुम्हाला हवं ते लावा, पण अक्षर मला मोठं पाहिजे. शून्य चुकलं तर खिशातून भरावं लागतं." त्यांचं रास्त होतं. 'सेटिंग्ज पेज व्हिजिबिलिटी' या पॉलिसीत फक्त 'डिस्प्ले'चं पान उघडं ठेवता येतं. तसंच केलं. आता रोखपाल अक्षर दीडपट करून बसतात, त्यांच्यानंतर बसणारी मुलगी आपल्या खात्यावर शंभर टक्क्यांनी काम करते आणि तारीख दोघांच्याही पडद्यावर आधी दिवस, मग महिना अशीच दिसते.