वार्ताहर आणि गावाचा रोष : इब्सेन, राय आणि हरिनाथ मजुमदार

महानगरातील वार्ताहर आणि त्याचा वाचक यांची सहसा गाठ पडत नाही. लहान गावातील स्थिती निराळी असते. ज्याच्याविषयी बातमी लिहिली तो दुसऱ्याच दिवशी बाजारात समोर उभा राहतो. तोच वर्गणीदार असतो, कधी जाहिरातदार असतो, आणि पुष्कळदा शेजारी अथवा सोयराही असतो. त्यामुळे टीकेला सामोरे जाणे हा तेथे केवळ लेखनाचा प्रश्न राहत नाही. तो उपजीविकेचा आणि नात्यागोत्यांचाही प्रश्न होतो. साहित्याने या प्रश्नाचे कोणते रूप पाहिले आणि इतिहासात त्याला कोणती उत्तरे मिळाली, याचा विचार येथे करावयाचा आहे.

हेन्रिक इब्सेन यांचे ‘लोकशत्रू’ या अर्थाचे शीर्षक असलेले नाटक 1882 साली प्रसिद्ध झाले. आदल्या वर्षी त्यांच्या ‘भुते’ या अर्थाच्या नाटकावर कठोर टीका झाली होती. समाजाच्या रोषाचा प्रत्यक्ष अनुभव या कृतीमागे आहे. नॉर्वेच्या किनाऱ्यावरील एका लहान शहराची भरभराट तेथील आरोग्यस्नानगृहांवर अवलंबून आहे. स्नानगृहांचे पाणी दूषित असल्याचे डॉ. स्टॉकमन सिद्ध करतो. स्थानिक पत्राचा संपादक हॉव्हस्टाड आणि मुद्रक आस्लाक्सेन प्रारंभी त्याचा लेख छापण्यास उत्सुक असतात. परंतु नगराध्यक्ष, म्हणजे डॉक्टरचा सख्खा भाऊ, छापखान्यात येऊन दुरुस्तीचा खर्च नागरिकांवर पडेल आणि स्नानगृहे दोन वर्षे बंद ठेवावी लागतील असे सांगतो, तेव्हा दोघेही माघार घेतात. डॉक्टरच्या लेखाऐवजी नगराध्यक्षाचे निवेदन छापण्याचे ठरते.

या माघारीचे कारण नीट पाहावयास हवे. लेखातील एखादे विधान खोटे ठरले म्हणून तो परत केला जात नाही. पाण्याची नव्याने तपासणी करावी, असेही कोणी सुचवीत नाही. बदललेला असतो तो केवळ सत्याच्या किमतीचा अंदाज. पत्राची सत्ता संपादकाच्या हाती नसून वर्गणीदारांच्या हाती आहे, असे आस्लाक्सेन उघड बोलून दाखवितो. इब्सेन यांनी त्याला दुष्ट रंगविलेले नाही. तो घरमालकांच्या संघटनेचा प्रमुख आहे, आणि सर्व बाबतींत मिताचरण हा त्याचा मंत्र आहे. अशी सभ्य, सावध माणसे प्रत्येक गावात असतात. म्हणूनच हे पात्र अस्वस्थ करते.

सत्यजित राय यांनी 1989 साली ‘गणशत्रू’ या चित्रपटात हेच कथानक बंगालमधील चंडीपूर या कल्पित गावात आणले. स्नानगृहांच्या जागी मंदिर आले आणि दूषित पाणी चरणामृताचे झाले. त्यामुळे आर्थिक हितसंबंधाला श्रद्धेची जोड मिळाली व डॉक्टरच्या विरोधकांचे बळ वाढले. तथापि तुलनेच्या दृष्टीने महत्त्वाचा बदल अन्यत्र आहे. इब्सेन यांच्या नाटकात पत्रातील दुय्यम सहकारी बिलिंग संपादकाबरोबरच राहतो. राय यांचा तरुण पत्रकार मात्र नोकरी सोडतो आणि डॉक्टरची मुलाखत कलकत्त्याच्या पत्रांकडे पाठविण्याचे ठरवितो. गावातील एकमेव पत्राने दार लावले तरी गावाबाहेर दार असते, अशी आशा येथे दिसते. पण तिच्यात एक कबुलीही दडलेली आहे : सत्य सांगण्यासाठी वार्ताहराला गावाच्या पत्राबाहेर पडावे लागते.

गावातच राहून हे काम करता येते काय? याचे उत्तर बंगालच्याच इतिहासात सापडते. हरिनाथ मजुमदार (1833–1896), जे ‘काङाल हरिनाथ’ या नावाने ओळखले जातात, ते कुमारखालीचे रहिवासी. हे गाव आज बांगलादेशाच्या कुष्टिया जिल्ह्यात आहे. 1863 साली त्यांनी ‘ग्रामवार्ता प्रकाशिका’ हे पत्र सुरू केले. आरंभी ते कलकत्त्यास छापले जाई. 1873 साली कुमारखालीतच छापखाना उभा राहिला. निळीचे मळेवाले, जमीनदार आणि सरकारी अंमलदार यांच्या जुलमाची वार्ता या पत्राने दिली. एका जमीनदाराने त्यांच्यावर लाठीवाले धाडले आणि लालन फकीर आपल्या शिष्यांसह त्यांच्या रक्षणास धावले, अशी आख्यायिका तेथे सांगितली जाते. तिचा तपशील कसाही असो, लोकांनी ती जपून ठेवली यातच एक अर्थ आहे. बलवंतांच्या रोषापुढे एकट्या वार्ताहराची लेखणी पुरत नाही. ज्यांच्यासाठी तो लिहितो त्यांनी उभे राहावे लागते. पैशाची चणचण हरिनाथांना अखेरपर्यंत सुटली नाही, तरीही सुमारे दोन दशके त्यांनी पत्र चालविले.

मात्र प्रत्येक टीका ही बलवंतांचा रोष नसते. कधी टीकाकाराचेच म्हणणे खरे असते. 1882 सालचे कोल्हापूर प्रकरण या संदर्भात बोधप्रद आहे. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनी आरोप केले. आधारभूत पत्रे बनावट असल्याचे निष्पन्न होताच टिळक व आगरकर यांनी क्षमायाचना केली. तरीही त्यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले. क्षमायाचनेने शिक्षा टळली नाही. पण लोकांच्या मनातील विश्वासही गेला नाही. सुटकेनंतर त्यांचे उत्साहाने स्वागत झाले.

हॉव्हस्टाडची माघार आणि टिळक-आगरकरांची क्षमायाचना वरवर सारखीच भासतात. दोन्हीकडे पत्राने आपली भूमिका सोडली. भेद कारणात आहे. एकीकडे वस्तुस्थिती तीच राहिली आणि धैर्य बदलले. दुसरीकडे वस्तुस्थितीच निराळी निघाली आणि ती मान्य करण्यास धैर्य लागले. गावच्या वार्ताहराने टीका ऐकताना प्रथम हाच प्रश्न स्वतःला विचारावयाचा असतो : टीकाकार माझी चूक दाखवीत आहे, की माझ्या बातमीची किंमत? चूक असेल तर ती ज्या ठळकपणे छापली त्याच ठळकपणे दुरुस्त करावी. टीकाकार केवळ किंमत सांगत असेल, तर तीही विनयाने ऐकून घ्यावी, कारण ती देणारे शेजारीच असतात. परंतु तेवढ्यासाठी बातमी मागे घेऊ नये. वर्गणीदार दुरावला तर तो पुढेमागे परत येऊ शकतो. पण पाणी दूषित आहे हे ठाऊक असून गप्प राहिलेल्या पत्रावर, ते पाणी पिऊन आजारी पडलेला गाव पुन्हा विश्वास ठेवीत नाही.