संगणकाच्या डिस्कवरील धुरे : नवी प्रणाली घेण्यापूर्वीची तपासणी

मूल परिसरातील धान उत्पादकाला बांधी आणि धुरा यांचे महत्त्व सांगावयास नको. जमीन एकच असते. परंतु धुरे घालून तिच्या बांध्या पाडल्या, म्हणजे कोणत्या बांधीत किती पाणी राहावयाचे हे ठरून जाते. संगणकाच्या डिस्कचेही असेच आहे. एकाच डिस्कचे जे विभाग पाडले जातात, त्यांना पार्टिशन म्हणतात. आपल्याला ते सी, डी, ई अशा ड्राइव्हच्या रूपाने दिसतात. काही विभाग मात्र दिसतच नाहीत, आणि प्रणाली बदलताना अडचण बहुधा तेथेच उद्भवते.

विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आला. त्यामुळे सेवा केंद्र, राईस मिलची कचेरी, शाळा अशा ठिकाणच्या जुन्या संगणकांवर विंडोज ११ घेण्याचा प्रश्न निर्माण झाला. या प्रणालीस किमान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि यूईएफआय पद्धतीने सुरू होणारे यंत्र लागते. मायक्रोसॉफ्टच्या ‘पीसी हेल्थ चेक’ या साधनाने ही पात्रता प्रथम पाहावी. यंत्रच अपात्र असेल तर पार्टिशनची उठाठेव करण्यात अर्थ नाही.

जुन्या डिस्कवर विभागांची नोंद एमबीआर पद्धतीने असते. ही पद्धत १९८३ मध्ये पीसी डॉस २.० बरोबर आली. योगायोग असा की, त्याच्या आदल्याच वर्षी, २६ ऑगस्ट १९८२ रोजी, चंद्रपूर जिल्ह्याची विभागणी होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. एमबीआरमध्ये केवळ चार मुख्य विभागांची नोंद मावते आणि सर्वसाधारण डिस्कवर २ टीबीच्या पलीकडील जागा तिच्या हिशेबात येत नाही. नव्या जीपीटी पद्धतीत विंडोज १२८ विभागांची सोय ठेवते. शिवाय नोंदवहीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते. यूईएफआय पद्धतीने विंडोज सुरू व्हावयाची तर तिची डिस्क जीपीटी असावी लागते.

हे परिवर्तन माहिती न पुसता करता येते. २०१७ पासून विंडोज १० मध्ये ‘एमबीआर टू जीपीटी’ हे साधन अंतर्भूत आहे. परंतु त्याच्या अटी काटेकोर आहेत. मुख्य विभाग तीनपेक्षा अधिक नसावेत आणि लॉजिकल विभाग एकही नसावा. आपल्याकडे संगणक जोडून देणारे सी लहान ठेवून डी, ई, एफ असे ड्राइव्ह पाडून देत. ही सवय येथे आड येते, कारण एमबीआर डिस्कवरील असे ड्राइव्ह बहुधा लॉजिकल असतात. अशा वेळी त्यांतील कागदपत्रे बाहेरील डिस्कवर न्यावीत, ती तेथे उघडतात याची खात्री करावी, मगच ते विभाग काढावेत. सीवरील फाइल डीवर ठेवली म्हणजे ती सुरक्षित झाली, असा समज सर्रास आढळतो. तो सर्वस्वी चुकीचा आहे. डिस्क बिघडली तर दोन्ही ड्राइव्ह एकदमच जातात.

दुसरी अडचण जागेची. विंडोज ७ च्या काळात ‘सिस्टिम रिझर्व्हड’ हा अदृश्य विभाग अवघा १०० एमबीचा असे. तो भरून गेला की ‘हा विभाग अद्ययावत करता आला नाही’ असा संदेश देऊन नवी प्रणाली थांबते. सीवर शेकडो जीबी मोकळे असूनही असे का होते, याचा उलगडा पुष्कळांना होत नाही. शेजारची बांधी कोरडी असली तरी भरलेल्या बांधीला त्याचा उपयोग नसतो, तसेच हे आहे. पुनर्प्राप्तीच्या विभागाचीही तीच गत. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० चे एक सुरक्षा-अद्ययावतीकरण अनेक संगणकांवर याच विभागात २५० एमबी मोकळी जागा नसल्याने अडले होते.

विभाग वाढविताना ‘डिस्क मॅनेजमेंट’मधील चित्र नीट पाहावे. त्यातील साधनाने सी ड्राइव्ह वाढतो तो केवळ त्याच्या लगत उजवीकडे असलेल्या रिकाम्या जागेत. मध्ये दुसरा विभाग असेल तर तो सरकविण्यासाठी वेगळे साधन लागते आणि त्यात प्रत्यक्ष माहिती एका जागेवरून दुसऱ्या जागेवर लिहिली जाते. नेमक्या त्याच वेळी वीज गेल्यास धड जुनी मांडणी राहत नाही, धड नवी होत नाही. म्हणून यूपीएसशिवाय हे काम हाती घेऊ नये. पावसाळ्यात तर मुळीच नाही.

तयारीचा क्रम असा ठेवावा. प्रथम कागदपत्रांची प्रत बाहेर काढावी. नंतर ‘चेकडिस्क’ चालवून डिस्कमधील दोष तपासावेत. बिटलॉकर चालू असल्यास त्याची पुनर्प्राप्ती-किल्ली कागदावर उतरवून ते तात्पुरते स्थगित करावे. परिवर्तनाचे साधन आधी केवळ पडताळणीपुरते चालविता येते. त्यात डिस्कवर काहीही बदल होत नाही. पडताळणी यशस्वी झाल्यावरच प्रत्यक्ष परिवर्तन करावे आणि त्यानंतर संगणकाच्या मूळ मांडणीत जाऊन लेगसीऐवजी यूईएफआय निवडावे. हे राहून गेल्यास संगणक सुरू होत नाही आणि डिस्क गेली असा उगाच समज होतो.

नवी प्रणाली आल्यावर सर्वसाधारणपणे दहा दिवसांपर्यंत विंडोज १० कडे परतता येते. या मुदतीत जुन्या फाँटमधील मराठी दस्तऐवज, प्रिंटर आणि बोटांचे ठसे घेणारे यंत्र तपासून घ्यावे. परतावे लागले तरी जीपीटी नोंदवही तशीच राहते. विंडोज १० तिच्यावरही चालते.