मोकळ्या गाडीचं वजन आणि वर्णपटाची बेसलाइन

राहू बेटातल्या मुलांना हे वेगळं शिकवावं लागत नाही. उसाची भरलेली गाडी काट्यावर चढते, मोकळी होऊन पुन्हा चढते, आणि दोन वजनांतला फरक म्हणजे ऊस. वर्णपटातून बेसलाइन वजा करणं हे तसंच आहे. पण इथे दोन अडचणी आहेत. बेसलाइन हा एकच आकडा नसतो, ती जागोजागी बदलते. शिवाय इथे गाडी मोकळी करून मोजता येत नाही. ऊस भरलेला असतानाच गाडीचं वजन ओळखायचं असतं.

आपल्याच जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्यात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. हायड्रोजनच्या अणूची रेडिओ लहर १४२० मेगाहर्ट्झची. फार दूरच्या दीर्घिकेतून येताना ती वारंवारता कमी होते. सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेली अशी लहर जीएमआरटीने टिपल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं. असा संकेत अगदी क्षीण असतो. त्याच्याखाली इतर स्रोतांचा प्रकाश आणि यंत्राचा स्वतःचा प्रतिसाद असतो. वजाबाकी चुकली, की शोधही चुकला.

वर्गात नववी-दहावीच्या मुलांकडून हे करून घ्या. फळ्यावर नऊ वाचनं लिहा:

२०, २२, २४, ३६, ४८, ४०, ३२, ३४, ३६

आलेख काढला की चढती रेघ आणि मधे एक शिखर दिसतं. आता चार जणांना चार रीतींनी वजाबाकी करू द्या.

१. सगळीकडून २० वजा केले, तर शिखराच्या उजवीकडे १२, १४, १६ उरतात. उतार राहिला, म्हणजे एक आकडा पुरेसा नाही.

२. नऊही बिंदूंतून उत्तम बसणारी सरळ रेघ काढली, तर शिखराने रेघ वर ओढली. कडांना उणे ४.४ येतात आणि शिखर १५.६ उरतं. शिखराच्या दोन्ही बाजूंना उणे आकडे दिसले, की हाच दोष आधी तपासायचा.

३. आठ घाताची बहुपदी घेतली, तर ती नऊही बिंदूंतून नेमकी जाते. वजा केली की सगळी शून्यं! शिखरही गेलं.

४. शिखर सोडून पहिल्या तीन आणि शेवटच्या तीन बिंदूंतूनच रेघ काढली, तर मधे १०, २०, १० मिळतात, बाकी शून्य. हे बरोबर.

म्हणजे बेसलाइन ठरवायची ती जिथे संकेत नाही तिथून, आणि शक्य तितक्या साध्या रेषेने.

हा नुसता वर्गातला खेळ नाही. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या 'एजेस' प्रयोगाने ७८ मेगाहर्ट्झजवळ पहिल्या ताऱ्यांच्या काळातली खूण सापडल्याचा दावा केला. बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेने 'सारस' हे उपकरण कर्नाटकातल्या जलाशयांवर तरंगत ठेवून मोजमाप केलं, कारण अँटेनाखालची जमीनच वर्णपटात लाटा उठवू शकते. २०२२ च्या त्यांच्या निष्कर्षात तशी खूण आढळली नाही.

शेवटी एक चाचणी मुलांना जरूर द्या. आपल्याला माहीत असलेलं एक खोटं शिखर वाचनांत मिसळा आणि तीच वजाबाकी करा. ते जसंच्या तसं परत मिळालं, तरच त्या रीतीवर विश्वास ठेवा.