कच्च्या खिम्याविषयी, भाच्यास

निपाणी



पावावर डुकराचा कच्चा खिमा, वर बारीक चिरलेला कांदा, मीठ आणि मिरपूड. तू पाठवलेला फोटो बघितला. तिथं जर्मनीत याला 'मेट' म्हणतात आणि ऑफिसातले लोक न्याहारीला खातात, असं लिहून तू विचारलंयस, "मामा, खाल्लं तर चालतंय का?" तुझ्या आईनं फोटो बघून तोंड फिरवलं. जन्मभर जनावरांची डॉक्टरकी केलेल्या माणसाला तेवढ्यावर सुटता येत नाही.

चव असणार, हे आधी मान्य करतो. मांस शिजलं की धागे आवळतात आणि आतलं पाणी सुटतं. कच्च्यात मऊपणा आणि गोडसरपणा तसाच राहतो. आपल्याकडं जत्रेत बोकड पडलं की मटण शिजायच्या आधीच कलेजीचे तुकडे मीठ लावून निखाऱ्यावर पडतात. वरून करपलेले, आत अजून लालसर असतानाच पोरं ते उचलतात. उचगावच्या मळेकरणी देवीच्या आमराईत चुली पेटल्या की त्या वासानं माणूस जागचा हलत नसे. त्या गोडीला मी नावं ठेवणार नाही.

पण जर्मन माणूस कच्चं खातो ते कशाच्या भरवशावर, ते समजून घे. १८६५ साली हेडर्सलेबेन नावाच्या गावात कच्च्या डुकराच्या मांसातून ट्रायकिनेला नावाचा कृमी पसरला आणि सुमारे शंभर माणसं दगावली. मग रुडॉल्फ फिरखो या डॉक्टरनं लावून धरलं की कापलेल्या प्रत्येक डुकराचं मांस सूक्ष्मदर्शकाखाली बघितलंच पाहिजे. लोकांनी आधी विरोध केला, पण शेवटी ती पद्धत रुजली. कच्च्या खिम्याचं दुकान आज चालतं ते कृमीच्या तपासणीवर, थंडाव्यावर आणि खिमा ताजा असतानाच संपवायच्या शिस्तीवर. यातलं एक जरी निसटलं तरी तो पाव हातात घेऊ नये. आणि तपासणीत कृमी सापडतो, जिवाणू सापडत नाहीत. येर्सिनिया आणि साल्मोनेला तिथल्या चांगल्या दुकानातूनही येऊ शकतात. खिम्यात तर जास्तच, कारण अखंड तुकड्याच्या पृष्ठभागावरचे जिवाणू दळताना आतपर्यंत मिसळतात.

आपल्याकडं यातलं काहीच नाही. पहाटे कापलेलं बोकड दुपारपर्यंत उघड्यावर टांगलेलं असतं आणि वजडी अन् बोटी एकाच ठोकळ्यावर, एकाच सुरीनं निघते. म्हणून आपल्या बायका हळद-मीठ घालून आधी आळणी शिजवतात, मग त्यातून रस्सा उभा करतात. हाड सुटेपर्यंत शिजलेल्या मटणात असले कृमी-जिवाणू जगत नाहीत. गावी आलास की तिथली सवय इथं चालवू नकोस. डुकराचं तर मुळीच नको. गटारावर पोसलेल्या डुकराच्या मांसात पटकृमीच्या पुटकुळ्या असू शकतात आणि त्या अर्धवट शिजवून खाल्ल्या की कृमी आतड्यात वाढतो. मग त्या माणसाच्या विष्ठेतली अंडी हातातून, पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून दुसऱ्याच्या पोटात जातात आणि मेंदूत गाठी होऊन आकडी येते. असे रोगी जन्मभर शाकाहारी असलेल्या घरातही निघतात. खाणारा एक आणि भोगणारा दुसराच, याचा मला फार राग येतो.

कोंबडी मात्र जगात कुठंही कच्ची नको. आतपर्यंत ७४ अंश तापली पाहिजे. रंगावर जाऊ नकोस, रंग फसवतो.

आता मुख्य गोष्ट. सूनबाईला दिवस गेलेत, तेव्हा बाळंत होईपर्यंत तिनं मेटला हात लावायचा नाही. टोक्सोप्लाझ्मा हा जंतू डुकराच्या आणि बकऱ्याच्या मांसात बारीक कोशांत दडून राहतो. धडधाकट माणसाला बहुधा त्याचा पत्ताही लागत नाही. पण गरोदरपणी पहिल्यांदा लागण झाली तर तो पोटातल्या बाळाच्या डोळ्यांपर्यंत, मेंदूपर्यंत पोचू शकतो. तिथले डॉक्टरही गरोदर बाईला हेच सांगतात.

तुझ्या आजीच्या पिढीत 'अर्धीकच्ची कलेजी खा, रक्त वाढतं' म्हणत. त्यात तथ्य होतं. १९२६ साली अमेरिकेत मायनट आणि मर्फी यांनी रक्तक्षयाचे रोगी रोज कलेजी खायला घालून वाचवले. पुढं लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली आणि गिरणीतल्या गरोदर बायकांचा रक्तक्षय तिनं यीस्टच्या अर्कानं बरा केला. त्या अर्कात जे होतं तेच फोलिक ॲसिड. सूनबाई रोज घेते ती गोळी तीच. तेव्हा तिला कलेजीची गरज नाही, शिजवलेलीसुद्धा नको. कलेजीतलं 'अ' जीवनसत्त्व या दिवसांत जास्त होतं.

तू स्वतः खाणार असशील तर ओळखीच्या खाटकाकडून, त्याच सकाळचं, आणि दुकानातच खा. घरी आणायचंच झालं तर सुरी आणि पाट वेगळा ठेव, त्यावर तिची कोशिंबीर चिरू नकोस. टोक्सोच्या रक्ततपासणीबद्दल तिच्या डॉक्टरांना या आठवड्यातच विचार आणि काय म्हणाले ते मला कळव.

तुझा
मामा