टाकीतला दगड आणि काचेचा तळ

कला शाखेच्या विद्यार्थ्याने पदार्थविज्ञानाच्या वाटेला जाऊ नये, असा आमच्या वर्गात एक अलिखित नियम आहे. तो मोडण्याचे कारण घरी घडलेला एक प्रसंग. दिवाळीच्या सुट्टीत नदीतून आणलेला एक काळा दगड मी आमच्या माशांच्या टाकीत ठेवला. खाली दोन इंच वाळू होती, त्यामुळे शंका आली नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे आईच्या पायाला पाणी लागले. तळाच्या काचेला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडा गेला होता. सात गोल्डफिशपैकी तीन दगावले. दगड जेमतेम दहा किलोचा. ज्या टाकीत त्याच्या नऊपट वजनाचे पाणी सुखाने राहत होते, ती एवढ्याशा दगडाने कशी फुटली? त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे कळले, ते येथे मांडतो.

आमची टाकी ९० सेंटिमीटर लांब व ३० सेंटिमीटर रुंद. पाण्याची उंची ३५ सेंटिमीटर. म्हणजे पाणी सुमारे ९५ लिटर, अर्थात ९५ किलो. परंतु हे वजन तळावर सर्वत्र सारखे पसरते. प्रत्येक चौरस सेंटिमीटरच्या वाट्याला अवघे ३५ ग्रॅम येतात.

आता दगडाकडे वळू. सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, पाण्याच्या साधारण २.८ ते ३ पट जड असतो. दहा किलोचा दगड सुमारे साडेतीन लिटर पाणी बाजूला सारतो आणि आर्किमिडीजच्या सिद्धांतानुसार पाण्यात त्याचा भार साडेसहा किलोच उरतो. म्हणजे दगड उलट हलका झाला! पण माझा दगड एका टोकावर उभा होता. ते टोक एक चौरस सेंटिमीटरचे धरले, तर तेवढ्या जागेवर ६,५०० ग्रॅम भार आला. पाण्याच्या दाबाच्या जवळजवळ १८५ पट. तोच दगड २०० चौरस सेंटिमीटरच्या सपाट बाजूवर बसवला असता, तर हा आकडा ३२-३३ ग्रॅमवर, म्हणजे पाण्याच्या दाबाच्या आसपास आला असता. तेव्हा दगड किती जड आहे, यापेक्षा तो किती जागेवर टेकला आहे, हे महत्त्वाचे.

काचेचा स्वभावही येथे लक्षात घ्यावा. काच दाबले जाणे सोसते, ताणले जाणे सोसत नाही. वरून एका ठिकाणी भार आला, की तळ किंचित वाकतो, त्याची खालची बाजू ताणली जाते आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या एखाद्या ओरखड्यापासून चीर सुरू होते. म्हणूनच टाकीखाली थर्मोकोलचा सलग तुकडा घालतात. त्यामुळे काचेला सगळीकडून सारखा आधार मिळतो.

वाळू म्हणजे गादी, हा माझा समज तर साफ चुकीचा ठरला. गोल्डफिश अन्नासाठी वाळू सतत उपसतात. आफ्रिकेतील मलावी सरोवराचे सिक्लिड मासे त्याहून मोठे खड्डे करतात. वाळू सरकली, की दगड कलंडतो आणि त्याचे टोक काचेवर येते. शिवाय दगड आणि काच यांमध्ये सापडलेला वाळूचा टणक कण स्वतःच टोकासारखे काम करतो. म्हणून आधी दगड, मग वाळू, हा क्रम कधीही बदलू नये.

दगड निवडताना त्यावर व्हिनेगरचे काही थेंब टाकावेत. बुडबुडे आले, तर त्यात चुन्याचा अंश आहे. असा दगड पाण्याचा जडपणा वाढवतो. मलावीच्या माशांना ते चालते, निऑन टेट्रासारख्या मृदू पाण्यातल्या माशांना नाही. आपल्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांतही कधी कधी पांढरे कॅल्साइट असते, तेव्हा पांढरा भाग अवश्य तपासावा. दगड साबण न लावता ब्रशने घासावा. तो उकळू नये किंवा विस्तवावर तापवू नये. आत कोंडलेल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटू शकतो.

मांडणी आधी जमिनीवर करून पाहावी. टाकीच्या तळाएवढा कागद अंथरावा, दगड रचावेत आणि हाताने हलवून पाहावेत. जमिनीवर डुगडुगणारा दगड टाकीतही डुगडुगणारच. रास करायची असेल, तर सर्वांत मोठा दगड सर्वांत खाली ठेवावा. सांधे सिलिकॉनने जोडावेत, मात्र त्यात बुरशीनाशक नसावे, आणि ते पूर्ण सुकल्याखेरीज पाण्यात घालू नये. दगड व काच यांमध्ये प्लास्टिकची जाड जाळी घालावी. बाजूच्या काचांपासून चार बोटे अंतर राखावे, म्हणजे काच पुसताना हात जातो.

टाकी भरलेली असेल, तर मासे बादलीत काढावेत, विजेची उपकरणे बंद करावीत आणि पाणी बरेच उपसावे. दगड दोघांनी मिळून दोन्ही हातांनी खाली न्यावा; वरून सोडू नये. पाण्याने भरलेली टाकी दगडांसह सरकवण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा.

आमच्या नव्या टाकीत आज तोच काळा दगड आहे. सपाट बाजूवर, जाळीवर, आणि भोवती वाळू. उरलेले चार गोल्डफिश रोज वाळू उपसतात. दगड जागचा हलत नाही. आई मात्र अजूनही पहाटे उठल्यावर पहिल्यांदा टाकीखालचा थर्मोकोल चाचपून पाहते.