हात मोकळे ठेव

पोरी, माझी सगळी नोकरी मूकबधिर मुलांना शिकवण्यात सरली. तुझ्या सासूबाईंना जन्मापासून ऐकू येत नाही आणि आता विसर पडू लागलाय म्हणतेस, तर चार गोष्टी सांगून ठेवते.

"ऐकूच येत नाही, तर कळणार काय?" असं कोणी म्हटलं की मान डोलावू नकोस. बहिरेपण जुनं, विसरणं नवं. नेहमीची खूण अडते का, बोटं भलताच आकार घेतात का, तेच तेच विचारतात का, हे बघ आणि तारखेसह वहीत लिही.

ती वही घेऊन मेहकरला किंवा बुलढाण्याला डॉक्टरांकडे जा. बी-१२ आणि थायरॉईड तपासायला सांग. त्यांच्या कमतरतेनंही विसर पडतो, आणि तो औषधानं सुधारू शकतो. गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक वाढला, तर डिमेन्शिया, म्हणजे विसरण्याचा आजार, समजून घरी बसू नकोस. लघवीच्या संसर्गानंही म्हातारी माणसं भरकटतात. त्याच दिवशी दवाखाना गाठ. मोतीबिंदूही बघून घे, त्यांचं सगळं बोलणं डोळ्यांवरच चालतं.

"तीन शब्द ऐका आणि परत सांगा" ही स्मरणशक्तीची परीक्षा ऐकणाऱ्यांसाठी आहे. ब्रिटनमध्ये बहिऱ्यांसाठी तिथल्या सांकेतिक भाषेतच वेगळी चाचणी तयार केली आहे. इथं डॉक्टरांना म्हण, ओळखीचं विचारा. आपल्या हिवऱ्याच्या आश्रमात विवेकानंद जयंतीच्या महाप्रसादाला काय वाढतात? पुरी आणि वांग्याची भाजी, हे गावात कोणालाही सांगता येतं. त्या अडल्या तर अडू दे; उत्तर तू पुरवलंस, तर डॉक्टरांना आजार दिसणार कसा?

आजार समजावताना चिठ्ठी पुढे करू नकोस, त्या शाळेत गेलेल्या नाहीत. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या शब्दकोशात दहा हजारांवर खुणा आहेत, मोबाइलवर बघता येतात. पण सासूबाईंच्या खुणा घरात घडलेल्या. दिल्लीची खूण त्यांना परकी. म्हणून त्यांच्याच खुणांत सांग: डोक्यात आजार आहे, वेड नाही, तुमचा दोष नाही. एका बैठकीत एकच गोष्ट. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच.

मागून खांद्याला हात लावू नकोस, समोरून ये. खिडकीकडे पाठ करून उभी राहिलीस तर तुझा चेहरा काळवंडतो, खूण दिसत नाही. रात्री बारीक दिवा चालू ठेव. दवाखान्यात सलाईन लावायची झाली, तर ज्या हातानं त्या जास्त बोलतात तो सोडून दुसऱ्या हाताला लावायला सांग. त्या हात झटकतात म्हणून कोणी बांधू लागलं, तर आडवी हो; हात बांधणं म्हणजे तोंड बांधणं.

ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे. ती फोनवरची, तेव्हा फोन तूच लाव.

आणि या आठवड्यातच मोबाइलवर त्यांच्या खुणांचे व्हिडिओ काढ, नातवाला शिकव. तू चार दिवस माहेरी गेलीस, तरी सासूबाईंचं बोलणं समजणारं कोणीतरी घरात असायला हवं.